एकटीची फुगडी

आमच्या विरारच्या सोसायटीत बायकांना दोन गोष्टी चटकन कळतात. पाणी कधी जाणार आणि कोणाच्या अंगात आलंय. नाच मात्र कळत नाही, हे अनुभवाने सांगते.

सोसायटीच्या हॉलमध्ये मी आणि माझी मैत्रीण मुलींचा डान्स क्लास चालवायचो. आईच्या आजारपणात मी महिनाभर गावी काय गेले, बाईसाहेबांनी आगाशी रोडला स्वतःचा क्लास थाटला. मी आता शिकवणार नाही, असं पालकांना परस्पर सांगून सगळ्या मुली तिकडे नेल्या. जाब विचारला तर म्हणाली, "अगं, तुझं यायचं काही नक्की नव्हतं ना." तोंडाने भांडणं मला कधी जमलंच नाही.

म्हणून नवरात्रात सोसायटीच्या स्टेजवर नाच केला. गाणं दगाबाज प्रियकराचं, यंदा प्रत्येक हळदीत वाजलेलं. आमचा क्लास सुटताना आम्ही दोघी नेहमी फुगडी घालायचो. ती मी एकटीने घातली. हात पुढे, समोर कोणी नाही, गिरकी, आणि समोरचीने हात सोडल्यावर आपटतात तसं आपटायचं. पहिल्या रांगेत बसलेल्या तिला कळावं, एवढंच हवं होतं.

पण आपटले ती खरीच. क्लिप उडाली, केस सुटले, रडू आवरेना. तेवढ्यात समोरून एक आजी म्हणाली, "अंगात आलं हिच्या. कोनीतरी कुंकू आना."

झालं. गाणं बंद, कपाळावर मळवट, मांडीत नारळ. दगाबाज प्रियकराच्या गाण्यावर कुठली देवी येते, एवढं तरी विचारा. मी म्हणतेय, "अहो, हा नाच आहे," तर म्हणे, "बघा, देवी बोलतेय." पाया पडायला रांग लागली. रांगेत तीसुद्धा. माझ्या पायांवर डोकं ठेवून पुटपुटली, "आई, मी तिचा घात केला. पोटात घाल."

संताप झाला माझा. मला एकदाही न म्हटलेलं देवीला सांगून मोकळी झाली. सगळ्या बघत होत्या, म्हणून मुकाट्याने तिला कुंकू लावलं.

सकाळी खाली भाजीवालीपाशी भेटली. वांगी चाचपत, माझ्याकडे न बघता म्हणाली, "कालचं काही आठवतंय का गं तुला?"

"शब्द न् शब्द," मी म्हटलं. "आता तेच मला सांग. उभ्याने."