गाडीमागे होडी जोडताना

ये गं, इकडे ये. हातातलं काम बाजूला ठेव आणि अशी माझ्याजवळ बस. म्हणजे तू तिकडे पुण्यात आणि मी इथे सिंगापुरात, क्लेमेंटीत, तरी बसली आहेस असं समज, कारण आधी तुला रागवायचं आहे. आमच्या होडीचा फोटो पाठवला, तर तू लिहिलंस, "मावशी, मजा आहे बाई तुमची, होडी घेतलीत." झालं, संपलं. कशी आणली, कुठून आणली, काकांना त्यात बसवलं कसं, एका शब्दाने विचारलं नाहीस. तुला होडी दिसली. होडीच्या पुढे आमची गाडी आहे आणि दोघींच्या मध्ये हातभर लोखंड आहे, ते दिसलं नाही. आता ऐक, सगळी गोष्ट त्या हातभर लोखंडाची आहे.

तुझे काका खाडीकाठचे, हे तुला ठाऊक आहे. आम्ही मुलाकडे इथे राहायला आलो तेव्हा पहिले काही महिने त्यांचा जीव रमेना. मग त्यांना पुलाउ उबीन सापडलं. छोटं बेट आहे, लाकडी बोटीने दहा-पंधरा मिनिटांत पोचतो, जुनी घरं, नारळ, चिखलाचा वास. दर शनिवारी आम्ही दोघं जायचो. हे धक्क्यावर गरी टाकून बसायचे, मी डबा उघडून. मासा लागला नाही तरी घरी येताना माणूस वेगळाच असायचा.

पुढे ते न्हाणीघरात पडले आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, वॉकर आला, हळूहळू चालायलाही लागले. तेव्हा दादा, म्हणजे आमचा मुलगा, त्यांना घेऊन धक्क्यावर गेला. मीही होते. ओहोटी होती, पायऱ्या ओल्या, बोट खाली हलत होती. नावाड्याने हात पुढे केला, दादाने मागून धरलं. यांनी पाय उचलला, बोटीच्या काठावर नेला आणि परत घेतला. मागे रांगेतली माणसं सायकली धरून उभी होती. हे वळून म्हणाले, "पुढच्या वेळी बघू."

पण नंतर त्यांनी विषयच काढला नाही, बरं का. आधी रोज सकाळी भरती-ओहोटीच्या वेळा बघायचे, ते बंद झालं. गरीची डबी कपाटात वर गेली. चिडचिड केली असती तर मला चाललं असतं. हे नुसते खिडकीशी बसायचे, खालच्या कार पार्ककडे बघत. मला एवढंच हवं होतं, की या माणसाने एकदा तरी पुन्हा पाण्यावर बसावं.

दादाने युक्ती काढली. त्याच्या ऑफिसातला एक जण देश सोडून चालला होता, त्याची छोटी जुनी होडी होती, ट्रेलरसकट, म्हणजे होडी ठेवून गाडीमागून ओढायच्या चाकांच्या सांगाड्यासकट. दादा म्हणाला, ट्रेलर सपाट जागेवर उभा असताना बाबांना स्टुलावरून होडीत बसवायचं आणि मग उतारावरून ट्रेलर मागे नेत होडी अलगद पाण्यात सोडायची. पायऱ्या नाहीत, हलणारा काठ नाही. मला पटलं. अडचण एकच, होडी ठेवायला जागा मिळाली ती इथे पश्चिमेला, एका वर्कशॉपच्या आवारात, आणि पाण्यात उतरवायची ती पार पूर्वेला, चांगीच्या बाजूला. मध्ये अख्खं सिंगापूर. तेवढं अंतर ती आपल्या गाडीमागून न्यायची.

ते वर्कशॉप एका चिनी आजोबांचं. माझ्याहून थोडे मोठे असतील, मी त्यांना अंकल म्हणायची, ते मला आंटी. दादाने कंप्युटरवर वजनांचे तक्ते करून नेले होते. अंकलनी ते बाजूला ठेवले आणि गाडीची कागदपत्रं मागितली. गाडी दिसायला केवढी आहे ते विचारू नका म्हणाले, कंपनीने किती वजन ओढायची परवानगी दिली आहे तेवढं बघा. होडी, इंजिन, ट्रेलर, सगळं मिळून वजन त्याच्या आत बसत होतं. मग त्यांनी गाडीच्या मागच्या बाजूला, खाली पोटाला लोखंडी आडवा बार बसवला. त्याच्यावर एक गोळा, लिंबाएवढा नाही हं, चांगला मोठ्या पेरूएवढा. ट्रेलरच्या दांड्याला टोकाशी उलटी वाटी असते, ती गोळ्यावर बसते आणि वर खटका पडतो. वाटीचं माप आणि गोळ्याचं माप एकच हवं, यावर अंकल फार काटेकोर. खालून दोन साखळ्या, फुलीसारख्या एकीवर एक, म्हणजे दांडा सुटलाच तर रस्त्यावर आपटायच्या आधी त्यांच्यात झेलला जातो.

मग ट्रेलरच्या दिव्यांची तार जोडली. दिवे तपासायला मागे कोणीतरी उभं हवं, ते काम मला. दादा आत बसून एकेक बटण दाबणार आणि मी ओरडून सांगणार, "डावा! उजवा! ब्रेक!" अर्ध्या तासाने अंकलही "डावा" म्हणायला लागले.

सरकारी तपासणीही झाली आणि एका शनिवारी दुपारी आम्ही वर्कशॉपच्या मागच्या रिकाम्या रस्त्यावर फेरी मारून पाहिली. गाडी जरा पळाली, तर मागे ट्रेलर शेपूट हलवायला लागला, इकडे-तिकडे, इकडे-तिकडे. दादाने लगेच वेग उतरवला. उतरून टायर बघितले, हवा मोजली, फोनवर शोधाशोध सुरू केली. मी तोवर होडीत डोकावले. याने पाण्याचे कॅन, बर्फाची पेटी, नांगर, सगळं मागच्या टोकाला लावलं होतं, काढायला सोपं म्हणून. आणि इंजिन तर मागे होतंच.

मी म्हटलं, "अरे, तुझी गाडी उलाळ झालीय."

त्याला शब्द कळला नाही. तुलाही कळला नसेल. माझे वडील बैलगाडीने कौलं वाहायचे, स्टेशनपासून गावापर्यंत. मागे ओझं जास्त झालं की पुढचं जू वर उचलतं, गळ्याखालचा पट्टा बैलांना काचतो, गाडी हाती राहत नाही. ती गाडी उलाळ. आणि पुढे फार झालं तर सगळा भार त्यांच्या मानेवर. वडील कौलं रचून झाली की जू हाताने उचलून बघायचे, आणि थोडंसं कमी वाटलं की मला उचलून पुढे बसवायचे. किती वर्षं मला वाटायचं, लाडाने बसवतात. मी वजन होते.

दादाने पेटी आणि कॅन पुढे सरकवले, नांगरही. अंकलनी दांडा उचलून बघितला, अगदी माझ्या वडिलांसारखा, आणि मान हलवली. पुन्हा फेरी मारली. होडी गाईसारखी मागून आली. अंकल म्हणाले, आंटी इथे नोकरीला या. घरी येताना माझा रुबाब विचारू नकोस. नात म्हणाली, "आजी, यू सो क्लेव्हर लाह," आणि मी ते दोनदा म्हणवून घेतलं.

त्याच रुबाबात पुढची चूक झाली, ती मात्र माझी.

आठवड्यानंतरच्या रविवारी सकाळी वर्कशॉपमधूनच निघायचं होतं. आपण नवी सायकल घेतली तरी हळदकुंकू लावतो, मग होडी तशीच कशी न्यायची? मी आदल्या दिवशी लिटल इंडियातून झेंडूच्या माळा आणल्या होत्या. एक गाडीला वाहिली, एक होडीला वाहिली, आणि मला वाटलं, सगळा भार घेणारा तो बिचारा गोळा, त्याला का विसरायचं? त्याच्यावर कुंकू लावलं, लाल दोरा गुंडाळला आणि उरलेली माळ त्याच्याभोवती घट्ट बांधली. दादा तेव्हा यांना गाडीत बसवत होता. भरतीची वेळ गाठायची म्हणून त्याला घाई. त्याने वाटी गोळ्यावर टेकवली, खटका दाबला, साखळ्या अडकवल्या, आणि फुलं दिसली तेव्हा हसून म्हणाला, "छान केलंस आई."

अंकलनी एक गोष्ट पुन्हा पुन्हा सांगितली होती, ती आमच्या घरात सगळ्यांना पाठ झाली होती. खटका पडला म्हणून विश्वास ठेवायचा नाही. ट्रेलरच्या दांड्याला छोटं चाक असतं, त्याचं हँडल फिरवून दांडा वर उचलायचा. त्याबरोबर गाडीची मागची बाजूही वर आली पाहिजे. आली तर वाटी नीट बसली.

आम्ही सगळे बसलो, दादाने किल्ली फिरवली. हे पुढच्या सीटवर, मांडीवर गरीची डबी. ती त्यांनी स्वतः कपाटातून काढून मागितली होती, मी काही बोलले नव्हते. त्यांनी आरशातून मागे बघितलं आणि विचारलं, "उचलून बघितलंस?"

दादा म्हणाला खटका पडलाय बाबा, साखळ्याही आहेत, पाणी उतरायला लागेल.

हे म्हणाले, "उतरू दे. मला घाई नाही."

अगं, वर्षभर ज्या दिवसाची वाट बघितली त्या दिवशी हा माणूस म्हणतोय, मला घाई नाही. दादा उतरला. मीही उतरले. त्याने हँडल फिरवलं. दांडा वर आला, वर आला, आणि गाडी जागची हलली नाही. वाटी गोळा सोडून सरळ हवेत. खटक्यात माझा लाल दोरा आणि झेंडूचा चुरा, पिवळाधमक. वरून बंद दिसत होता, आत पकड नव्हतीच.

मला तिथे उभं राहवेना. मागच्या सीटवर नात बसली होती, सूनबाई बसली होती. मागून सगळा रस्ता, दुसऱ्यांच्या गाड्या, स्कूटरवाले. आणि मी, जिने आठवडाभर उलाळ-उलाळ करून सगळ्यांना ऐकवलं होतं.

दादाने दोरा कापला, फडक्याने गोळा आणि वाटी पुसली, पुन्हा टेकवली, पुन्हा खटका. पुन्हा उचललं. या वेळी गाडीचं मागचं अंग दांड्याबरोबर वर आलं. मी जमिनीवरच्या पाकळ्या वेचत राहिले, कारण वर बघायचं नव्हतं. तर यांनी खिडकीची काच खाली केली आणि म्हणाले, "अगं, ती माळ टाकू नकोस. होडीच्या पुढच्या टोकाला बांध, तिथे कोणाला नडत नाही."

एवढंच. सूनबाईने सुद्धा कधी टोमणा मारला नाही, तिला मारता आला असता. दादाने गोळ्याला मात्र दुसऱ्या दिवसापासून प्लॅस्टिकची टोपी घातली आहे, आणि पूजेच्या वेळी ती काढत नाही.

डाव्या बाजूने हळूहळू गेलो. मागच्या गाड्या पुढे निघून जात होत्या, जाऊ देत. चांगीला पोचलो तेव्हा पाणी बरंच उतरलं होतं, पण होडीपुरतं होतं. सपाट जागेवर चाकांना ठोकळे लावले, दादाने आणि मी धरून यांना स्टुलावरून होडीत बसवलं, मीही चढून शेजारी बसले, दादाने ठोकळे काढले आणि गाडी उतारावर मागे घेतली, सूनबाई बाजूने खुणा करत. मागून पाणी आलं, होडी जराशी डुलली आणि तरंगायला लागली. यांनी एका हाताने काठ धरला होता, दुसरा हात पाण्यात घातला, आणि मला म्हणाले, "थंड आहे." ते काही थंड नव्हतं गं, इथलं पाणी कधीच थंड नसतं. मी हो म्हटलं.

उबीनच्या जवळपर्यंत गेलो आणि आलो. मासा नाहीच लागला. आता महिन्यातून एकदा जातो. इंजिनपाशी दादा, मध्ये हे, आणि होडीचं नाक फार वर उचलतं म्हणून मला पुढे बसवतात. सातव्या वर्षी पुढे बसवायचे, सत्तरीतही तेच.

पण माझे गुडघे आता कुरकुरतात, दोन तास पुढे बसवत नाही. यांनी परवा डबी उघडून एक जास्तीची गरी बांधली आणि विचारलं, बहिणीची लेक कधी येतेय तुझी? तेव्हा तुझ्या शाळेला सुट्टी लागली की तिकीट काढ आणि ये. लवकर ये गं. पुढची जागा तुझ्यासाठी ठेवते, आणि निघायच्या आधी हँडल फिरवायचं कामही तुलाच देते.