हद्दीत पडलेली पानं

शनिवार पेठेतल्या दोन खोल्यांत सारा संसार झाल्यावर हेमा गोडबोले हडपसरला राहायला आल्या आणि निवृत्तीनंतर त्यांना आयुष्यात पहिल्यांदा अंगण मिळालं. पेठेत झाड म्हणजे गॅलरीतली तुळस. तिची पानं बहुधा हेमाताईंना विचारूनच गळत. शाळेच्या कार्यालयात नोकरी झालेली, त्यामुळे जमिनीवर काही पडलेलं दिसलं की ते कोणाचं, हे आधी ठरवायची त्यांना सवय होती.

हडपसरच्या बंगल्यापुढे त्यांनी मोगरा आणि गुलाबाचे वाफे केले. भिंतीपलीकडे तुप्यांचा भलामोठा बदाम होता. बंगल्यांची ती सगळी रांग म्हणजे एके काळचं तुप्यांचं उसाचं रान. रविराज तुपेने त्याचे प्लॉट पाडून विकले होते आणि आईसाठी, म्हणजे कौशल्याबाईंसाठी, कडेचा तुकडा आणि तो बदाम राखला होता.

जानेवारीच्या सुरुवातीला बदाम लालभडक झाला. "काय सुंदर दिसतंय!" असं हेमाताईंचे यजमान गोपाळकृष्ण म्हणाले. पुढच्या आठवड्यात ती सगळी सुंदरता हेमाताईंच्या अंगणात उतरली, तेव्हा ते पेपरात तोंड घालून बसले.

हेमाताईंनी पानं झाडून पोत्यात भरली आणि तुप्यांची बेल वाजवली.

"कौशल्याबाई, ही तुमची पानं."

कौशल्याबाईंनी पोत्यात डोकावून पाहिलं. "आमची कशी वो, काकू?"

"झाड कोणाचं?"

"आमचं."

"मग पानं कोणाची असणार?"

कौशल्याबाईंनी क्षणभर विचार केला, पोतं आत घेतलं आणि जाताना काकूंच्या हातात ओल्या हरभऱ्याची जुडी ठेवली. घरी येऊन हेमाताई यजमानांना म्हणाल्या, "बघा. चूक मान्य केली त्यांनी."

मग रोज सकाळी पोतं जाऊ लागलं. कधी बदल्यात गवारीच्या शेंगा येत, कधी पेरू. "आपली धूळ वाऱ्याने त्यांच्याकडे जाते," गोपाळकृष्ण एकदा म्हणाले, "ती परत मागायची राहिली आहे."

"विनोद पुरे. पोतं धरा."

एवढ्यावर हेमाताई थांबल्या नाहीत. भिंतीवर जाळी बांधून घ्या, असं त्यांनी रविराजला बजावलं. "बघतो काकू," असं म्हणून तो गाडीत बसला.

उन्हाळा आला. पाणी एक दिवसाआड झालं. हेमाताईंचं अंगण इतकं लख्ख होतं की मुंगीला लपायला जागा नव्हती, आणि त्या लख्ख मातीला भेगा पडल्या. मोगऱ्याच्या कळ्या उमलायच्या आधीच करपल्या. हेमाताईंनी स्टुलावर चढून भिंतीपलीकडे पाहिलं. तुप्यांची वांगी, मिरच्या, अबोली सगळं हिरवंगार.

"पाणी किती घालता?" त्यांनी वरूनच विचारलं.

"तुमच्यागतच की. एक दिवसाआड."

म्हणजे बोअर लपवला आहे, हे हेमाताईंच्या लगेच लक्षात आलं. झाडांच्या बुडाशी वाळक्या पानांचा थर होता, तोही त्यांनी पाहिला. "आणि किती तो कचरा!" असं पुटपुटत त्या खाली उतरल्या.

मे महिन्यात महिला मंडळाने बागकामावर व्याख्यान ठेवलं. वक्ते केदार सर संगणकाच्या कंपनीतली नोकरी सोडून मातीकडे वळले होते. मातीने मात्र त्यांच्या नखांना अजून हात लावलेला नव्हता. "माती कधीही उघडी ठेवू नका," ते म्हणाले. "वाळलेली पानं पसरा. ओल टिकते, तण कमी येतं, पुढे कुजून खत होतं. याला म्हणतात मल्चिंग!" आणि त्यांनी पडद्यावर एक फोटो दाखवला. वांग्याच्या रोपाखाली बदामाची वाळकी पानं.

हेमाताईंनी चष्मा पुसून तो फोटो पुन्हा पाहिला. अख्खा हिवाळा, पाठदुखी सोसून, त्यांनी तुप्यांच्या वांग्यांना घरपोच पांघरूण पुरवलं होतं! त्यापुढचं व्याख्यान त्यांच्या कानांत शिरलंच नाही.

शेजारी बसलेल्या कौशल्याबाई कौतुकाने म्हणाल्या, "काकू, ह्याला मल्चिंग म्हणत्यात व्हय? लई भारी नाव हाय."

घरी आल्या आल्या हेमाताईंनी पर्स सोफ्यावर आदळली. "त्या बाईने मला फसवलं."

"तिने?" गोपाळकृष्ण म्हणाले.

"एकदा तरी म्हणाली का, पानं ठेवून घ्या म्हणून?"

"तू विचारलंस का?"

"चांगल्या शेजाऱ्याने आपणहून सांगायचं असतं."

पुढच्या हिवाळ्यात बदाम लाल होण्याची वाट अख्ख्या कॉलनीत फक्त हेमाताई बघत होत्या. पानं गळू लागली तशी त्या उजाडताच ती गोळा करू लागल्या. चार दिवसांनी कौशल्याबाई फाटकापाशी आल्या. "काकू, पानं न्हाई आणली? बरं न्हाई का?"

"ठणठणीत आहे. आमच्या हद्दीत पडलेली पानं आमची."

"आन् गेल्या साली?"

"गेल्या वर्षी मी तुमचा मान ठेवला."

कौशल्याबाईंनी पदर तोंडाला लावला आणि त्या घाईघाईने आत गेल्या.

त्याच रविवारी रविराज दोन माणसं आणि हिरव्या जाळीचं भेंडोळं घेऊन आला. "काकू, तुम्ही बोलला होतात ना? थोडा लेट झाला, सॉरी. पण आता इश्यू सॉल्व्ह. एक पान तुमच्याकडे येणार नाही, गॅरंटी!"

माणसं शिडीवर चढलीसुद्धा. हेमाताई शिडीपाशी धावल्या. "अहो थांबा! पक्ष्यांचं काय?"

"कुठले पक्षी?"

"जाळीत अडकतील हो! बुलबुल, साळुंक्या… मुके जीव बिचारे." हेमाताईंचा आवाज खरोखरच दाटून आला. पेपरामागे गोपाळकृष्णांना जोराचा ठसका लागला.

रविराजने जाळी परत गुंडाळली. "काकू, तुम्ही एवढ्या नेचर लव्हर असाल असं वाटलं नव्हतं."

"आम्ही बोलून दाखवत नाही," हेमाताई म्हणाल्या.

मग त्यांनी मल्चिंग केलं. हेमाताईंचं मल्चिंग म्हणजे पानं नुसती टाकलेली नव्हेत. एकेक पान कापडाने पुसून, सगळ्यांचे देठ एका दिशेला, पानावर पान चढवून कौलं शाकारावीत तशी मांडलेली. माती तसूभर दिसत नव्हती. बघायला कॉलनीतल्या बायका येऊन गेल्या.

पण कौलांवरून पाणी वाहतं, तसंच ते इथेही वाहिलं. झारीने घातलेलं पाणी पानांवरून घरंगळत थेट व्हरांड्यात, गोपाळकृष्णांच्या चपलांखाली जमा होऊ लागलं. मोगऱ्याने मान टाकली. हेमाताई दृष्टबिष्ट मानत नसत. तरी एका संध्याकाळी मोगऱ्यावरून मीठमोहऱ्या ओवाळून टाकताना यजमानांनी त्यांना पाहिलं.

सुटका झाली ती गोपाळकृष्णांच्या शतपावलीने. दुपारी जेवून ते सावलीच्या कडेने, गुलाबांच्या वाफ्यातूनच फेऱ्या घालत, कारण बाकी अंगणात ऊन असे. हेमाताईंनी ओरडायला तोंड उघडलं आणि त्यांच्या लक्षात आलं की जिथे यजमानांचे पाय पडले, तिथे पानांचा चुरा झाला होता, खालची माती ओली होती आणि गुलाबाला नवी फूट आली होती.

दुसऱ्या दिवसापासून शतपावलीची आखणी हेमाताईंनी हातात घेतली. "आता मोगऱ्याकडे. बुंध्याजवळ नको. डावीकडे वळा."

"मी मळणीचा बैल आहे का?"

"बोलू नका, दम लागेल."

भिंतीपलीकडून हसू फुटलं. "काकू, काकांना वाईच बसू तरी द्या!" आणि पाठोपाठ कौशल्याबाई फाटकातून आत आल्या, निऱ्या वर खोचल्या आणि वाफ्यात उतरल्या. "सरा, काका."

शेजारीण आपल्या अंगणात राबते आहे आणि आपण उभ्या आहोत, हे हेमाताईंना बघवेना. त्याही उतरल्या. दोघी पानं तुडवू लागल्या, चुर्र चुर्र आवाज होऊ लागला.

"एक विचारू?" धापा टाकत हेमाताई म्हणाल्या. "गेल्या वर्षी मी पोती आणून देत होते, तेव्हा तुम्हाला काय वाटलं हो?"

"खरं सांगू? संक्रांतीचा महिना व्हता. मला वाटलं, काकू पेठेतल्या, त्यांच्यात पानांचं वाण द्यायची रीत आसंल."

हेमाताई इतक्या हसल्या की त्यांना मोगऱ्याच्या आळ्यातच बसावं लागलं. त्या दिवसापासून कौशल्याबाईंची कौशल्या झाली.

एप्रिलमध्ये मोगरा असा फुलला की वास चौकापर्यंत जाई. महिला मंडळाने या वेळी व्याख्यानाला हेमाताईंनाच बोलावलं. "पानं म्हणजे कचरा नव्हे, हे मी हडपसरला आल्या दिवसापासून सांगत आले आहे," अशी त्यांनी सुरुवात केली. सगळ्यांत जोरात टाळ्या पहिल्या रांगेतून कौशल्याने वाजवल्या.

व्याख्यान भलतंच परिणामकारक झालं. पुढच्या जानेवारीत अख्खी कॉलनी पिशव्या घेऊन बदामाखाली हजर. तेव्हा दोघींनी तुप्यांच्या फाटकापाशी दोन खुर्च्या टाकल्या आणि सकाळचा चहा तिथेच घ्यायला सुरुवात केली.

कोपऱ्यावरच्या बंगल्यातली तनुजा ऑफिसला जाता जाता थांबली. "काकू, थोडी पानं मिळतील? फक्त दोन कुंड्यांसाठी. मल्चिंग ट्राय करायचंय."

"ऑनलाइन मिळत असतील, बघा," हेमाताई म्हणाल्या.

तनुजाचं तोंड उतरलं. कौशल्याने उठून तिच्या पिशवीत ओंजळभर पानं घातली आणि तिला वाटेला लावलं.

"दिलीस?" हेमाताई कुजबुजल्या. "उद्या पोतं घेऊन येईल ती."

"येऊ द्या की, काकू. झाड काय गळायचं थांबतंय व्हय?"

हेमाताईंना हे पटलं नाही. तेवढ्यात वारा सुटला आणि तांबड्या पानांचा एक लोट समोरच्या रस्त्यावर पसरला. पलीकडच्या दोन फाटकांच्या कड्या वाजल्या. दोघींनी अर्धे भरलेले कप खाली ठेवले आणि पदर खोचून त्या रस्त्यावर धावल्या.