पोटातल्याचा वाटा

मनोहर गेल्याचं मला एमआरटीत, म्हणजे इथल्या मेट्रोत, कळलं. ऑफिसातल्या एचआरच्या मुलीनं फोन करून सांगितलं, आणि वर विचारलं, "त्याच्या फाइलीत जवळची व्यक्ती म्हणून तुझं नाव आहे, तू जातेस ना?" मी त्याच्या घराजवळच्या सेरंगून स्टेशनला उतरले. सकाळी अंघोळीला गेला तो बाहेर आलाच नाही... हार्ट अटॅक. ज्या चिनी बाईच्या फ्लॅटमध्ये तो खोली घेऊन राहायचा, ती दारातच उभी होती. "व्हेरी गुड टेनंट, लाह," ती इथल्या धाटणीत म्हणाली, "नो कुकिंग." उमेदीची सगळी वर्षं सिंगापुरात घालवलेल्या माणसाला वाहिलेली श्रद्धांजली ती एवढीच. मला राग यायला हवा होता, पण खरं सांगते, त्या दिवशी मलाही याहून बरं काही सुचलं नसतं.

गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात. तसं करायचं तर मनोहरवर लेख लिहिताच येणार नाही. माझा मित्र होता तो, आणि दुष्ट होता. आम्ही दोघं इथल्या एका खासगी फाउंडेशनमध्ये कामाला. देशोदेशीच्या आदिवासी उद्योजकांना, गावगटांना धंदा उभारण्यासाठी अनुदान द्यायचं, हे आमचं काम. मी अर्ज वाचायचे, तो व्हिडिओवर मुलाखती घ्यायचा. त्याच्या जिभेला हाड नव्हतं. चटया विणणाऱ्या एका बाईला बोलता बोलता रडू फुटलं, तर हा शांतपणे थांबला आणि म्हणाला, "झालं? आता विक्रीचं सांगा." दयेवर उभं राहिलेलं दुकान दया संपली की बसतं, हे त्याचं लाडकं वाक्य. आणि प्रत्येक मुलाखतीत एक प्रश्न ठरलेला : काम न करता वाटा कुणाला? समोरचा जरा अडखळला की याच्या पेनाची काट बसलीच म्हणून समजा. ऑफिसातली नवी मुलं त्याला कौतुकानं 'मनोहरचा प्रश्न' म्हणायची.

इथल्या मराठी मंडळींत तो फारसा मिसळत नसे. बुकित तिमाह भागातल्या एका उंची सोसायटीत दिवाळी फराळाला मीच त्याला ओढून नेलं होतं. "चौधरी म्हणजे जळगावकडचे का?" असं एका काकूंनी त्याचं आडनाव ऐकून विचारल्यावर त्यानं चकली खात नुसती मान हलवली. काकूंचं समाधान झालं. माझंही झालं होतं.

मग एकदा आपल्याकडचाच अर्ज आला. सुरगाण्याच्या डोंगरातलं एक गाव, नागलीचे पापड करणाऱ्या बायकांचा गट, त्यांना ड्रायर आणि शेड हवी होती. पडद्यावर अंगणवाडीची खोली, भिंतीला टेकून बसलेल्या बायका, आणि पुढे त्यांची अध्यक्ष, चाळिशी उलटलेली. मनोहरनं विचारलं, "आपलं नाव?" ती बाई त्याच्याकडे बघतच राहिली. मग म्हणाली, "सुमन... साहेब." पुढे त्यानं पापडाच्या जाडीपासून नाशिकच्या दुकानदारांपर्यंत सगळं खोदून खोदून विचारलं, आणि तिनं ते चोख सांगितलं. शेवटी तो प्रश्न. ती म्हणाली, "वाटा सगळ्या घरांना. कामाला आलं नाय त्या घराला पण. म्हातारं असतंय, आजारी असतंय. आन पोटुशी बाई असली तर तिला दोन. नदीचे मासे आमी असेच वाटतो." मनोहर म्हणाला, "बाई, हा धंदा नाही, प्रसाद आहे." अर्ज तिथेच मेला.

त्या संध्याकाळी हॉकर सेंटरमध्ये समोरच्या नूडल्स तशाच ठेवून तो म्हणाला, "ती माझी थोरली बहीण." मला आधी कळेचना. मग इतका संताप आला की मी त्याला भर गर्दीत मराठीतून शिव्या घातल्या. बहिणीला 'आपण' म्हणून नाव विचारतोस? सांगून बाजूला का झाला नाहीस? "झालो असतो तर दुसऱ्या कुणी बिचाऱ्या म्हणून पास केलं असतं त्यांना," तो म्हणाला. "माझ्या गावाला बिचारं म्हटलेलं मला चालत नाही." दुसऱ्या दिवशी त्यानं हे आमच्या संचालकांनाही सांगून टाकलं, आणि त्यांची बोलणी मुकाट ऐकून घेतली.

गावानं पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज केला. ही मुलाखत दुसऱ्यांनी घेतली. मनोहर मीटिंग रूमबाहेर येरझारा घालत होता. आता योजनेत चोख लिहिलं होतं : जी लाटेल तिलाच वाटा. अनुदान मिळालं. शेड उभी राहिली, ड्रायर आला, पापड नाशिकच्या दुकानांत गेले. आमच्या वार्षिक अहवालाच्या मुखपृष्ठावर सुमनताईंचा फोटो छापला गेला, तेव्हा मनोहर माझ्या टेबलावर तो अंक आपटून म्हणाला, "बघ. रडल्या का त्या?" खरंच नव्हत्या रडल्या. मला मान्य करावं लागलं.

दोनेक वर्षांत त्याच्या आईचे हात थरथरायला लागले. लाटणं धरवेना, तसा तिचा वाटा थांबला. हे त्यानंच मला सांगितलं, हसत हसत. "नियम म्हणजे नियम. मी पाठवतोय ना दर महिन्याला!" मी म्हटलं, आईच्या बाबतीत तरी नियम जरा बाजूला ठेव. तर म्हणाला, "मग सगळ्यांच्याच आया निघतील."

त्याचं पार्थिव पाठवायच्या गडबडीत सुमनताईंशी माझं रोज बोलणं व्हायचं. फोनवर त्या रडल्या नाहीत. एकदाच आपणहून बोलल्या. "आमचा बाप मेला तवा ह्यो पोटात होता. आईला चालवत नव्हतं, कामाला कुठली जाते? पण गावानं दोन वाटे दिले तिला. एक तिचा, एक याचा. त्याच्यावर तर जगला." मी विचारलं, "त्याला माहीत होतं?" त्या म्हणाल्या, "गावात सगळ्यांना ठावं." मला तेव्हाही त्याचा भयंकर राग आला, आणि आज हे लिहिताना तो कमी झालेला नाही. तो समोर असता तर पुन्हा भांडले असते. हे भांडणही मला एकटीलाच करावं लागतंय, याचंच जास्त वाईट वाटतं.

गेल्या आठवड्यात त्या गटाचा वार्षिक आढावा होता. तीच मीटिंग रूम, मनोहरच्या जागी आलेली मे-लिंग, आणि तिचं इंग्रजी मराठीत सांगायला मी. पडद्यावर सुमनताई होत्या, त्यांच्या मागे भिंतीला टेकून एक म्हातारी बसली होती. आकडे उत्तम होते. मे-लिंगनं हसून मनोहरचा प्रश्न विचारला, आणि तो मला माझ्या तोंडानं मराठीत विचारावा लागला. काम न करता वाटा कुणाला?

"कोणालाच नाय," सुमनताई म्हणाल्या. मग मागच्या म्हातारीकडे एकदा बघून, "आईला पण नाय. लिहा."

मी पहिलं वाक्य सांगितलं, दुसरंही सांगितलं. मे-लिंगनं मान डोलवत लिहून घेतलं आणि ती म्हणाली, मनोहरला किती अभिमान वाटला असता! "काय म्हणतात त्या?" सुमनताईंनी विचारलं. मी जसंच्या तसं सांगितलं. त्यांनी मागे वळून आईच्या कानाशी मोठ्यानं ओरडून सांगितलं, "मन्याचं नाव घेत्यात. चांगलं चाललंय म्हणत्यात."

म्हातारीनं थरथरते हात उचलले आणि पडद्याकडे बघून आम्हाला नमस्कार केला.