शेपूट राहिलं पाहिजे

आमच्या लॅबमधून औषध एकही बाहेर पडलं नाही, किस्से मात्र निघतच राहिले. चहाच्या गाड्यावर मित्र भेटले की म्हणतात, "सांग की तुझ्या बेडकांचं!" मी मुळात गप्प बसणारा माणूस. नववीनंतर शाळा सुटलेली. पण या एका बाबतीत तोंड उघडतं, आणि एक सांगून झाला की मागचा दुसरा आपोआप आठवतो. सगळे हसतात. मीही हसतो. घरी जाताना मात्र वाईट वाटतं.

सोलापूरजवळच्या चिंचोळी एमआयडीसीत एका औषध कंपनीची ही छोटी लॅब. माणसं तीनच. येमुल मॅडम खूप शिकलेल्या. औषधाचा रेणू आधी कॉम्प्युटरवर आखायच्या, मग काचेच्या भांड्यात तयार करायच्या. म्हाळाप्पा काका झाडलोटीपासून गेटपर्यंत सगळं बघायचे. आणि मी बेडकाची पिल्लं सांभाळायचो.

*

कामावर लागलो तेव्हा धीर करून मॅडमना विचारलं, "औषधाला बेडूक कशाला लागतो?"

मॅडम म्हणाल्या, "लग्नातली पंगत बघितलीस ना? थायरॉईडचं हार्मोन म्हणजे पाहुणा. पेशीत रिसेप्टर असतो, तो पाट. पाहुणा पाटावर बसतो, जेवतो, आणि शरीराचं काम सुरू होतं. काहींच्या अंगात हे पाहुणे फार होतात. मग छाती धडधडते, हात कापतात, वजन उतरतं. आपल्याला असा माणूस शोधायचाय, जो पाट अडवून बसेल. जेवणार नाही आणि उठणारही नाही."

दारातून काका म्हणाले, "आमचा मेव्हणा चालंल का बाई? उठत न्हाय. जेवतो तेवढं बघा!"

बेडकाच्या पिल्लाचं शेपूट झडतं आणि पाय फुटतात, ते याच हार्मोनमुळे. औषधानं पाट अडवला, तर शेपूट तसंच राहणार. म्हणजे शेपूट राहिलं की आम्ही पास!

हे सांगताना मॅडमच्या हातातला चहाचा कप कापत होता. मग कळलं, हा आजार त्यांनाच होता.

"गोळ्या घेता की तुम्ही?" मी विचारलं.

"गोळ्यांनी नवीन हार्मोन कमी तयार होतं. आधी झालेलं फिरतच राहतं. तोवर छातीवर हात ठेवून बसायचं."

"मग हे औषध तुमच्यासाठीच?"

"सगळ्यांसाठी रे. पण पहिलं गिऱ्हाईक मी!"

*

नातेपुत्याहून माझ्यासाठी स्थळ आलं होतं. आम्ही मुलगी बघायला गेलो. मुलीच्या वडिलांनी विचारलं, "पोरगा काय करतो?"

"औषधाच्या कंपनीत हाय," आमचे दादा ऐटीत म्हणाले.

"तितं काय काम असतं?"

मी खाली मान घालून म्हणालो, "बेडकाची पिल्लं सांभाळतो."

"आन् मोठी झाल्यावर काय करता त्यांचं?"

"मोठी होऊ नयेत, म्हणूनच सांभाळतो."

पोहे संपले, आम्ही उठलो. परत येताना दादा मोहोळपर्यंत रस्त्याकडची मेंढरं बघत राहिले. मग म्हणाले, "आपल्या घरानं शेरडं राखली, मेंढरं राखली. ती मोठी तरी व्हायची की रं!"

माझं उत्तर ऐकून आतल्या दारामागं ती मुलगी हसली होती. तिचं लग्न नंतर दुसरीकडं झालं.

*

मॅडम रेणूंना नंबर द्यायच्या. काका नावं ठेवायचे.

'मामा' पाटावर बसलाच नाही. पिल्लांना वेळेवर पाय फुटले.

'आत्या' पिल्लांच्या टाकीत घातली आणि दुसऱ्या दिवशी मॅडम लांबूनच ओरडल्या, "अगं बाई, शेपट्या आहेत!"

काका वाकून बघत म्हणाले, "शेपट्या हायत बाई. पिल्लं मेल्यात."

'जावई' मात्र देखणा निघाला होता. कॉम्प्युटरच्या पडद्यावर रिसेप्टरमध्ये असा चपखल बसायचा की मॅडम आम्हाला हाक मारून दाखवायच्या. टाकीत घातला, तर साध्या पाण्यातल्या पिल्लांच्या आधीच याच्या पिल्लांना पाय! शेपट्या बघता बघता गायब!

मॅडम खुर्चीत बसल्या. "हा अडवून बसला नाही रे. हा जेवला!"

"चूक माजी हाय," काका म्हणाले. "नावच तसलं ठिवलं."

त्या दिवशी मॅडम खूप हसल्या. हसता हसता मनगटावर बोट ठेवून नाडी बघू लागल्या.

*

मग हेड ऑफिसचे मोठे साहेब आले. टाक्या बघितल्या आणि शांतपणे म्हणाले, "मॅडम, पुढच्या भेटीला मला शेपूट दाखवा. नाहीतर इथं पॅकिंगचं गोडाऊन करू."

मॅडमनी 'शेजारीण' तयार केली. जपून, रडतखडत. काटेकोर वजन करायची वेळ आली की हात थांबेपर्यंत डोळे मिटून उभ्या राहायच्या.

साहेबांची भेट भर उन्हाळ्यात होती. ते येणार म्हणून ऑफिसनं लॅबला नवा मोठा एसी बसवला. सोलापूरचं ऊन आणि आत असा गारवा! काका तर जेवायलासुद्धा आतच बसायचे. आणि इकडं शेजारीण कामाला लागली. दिवस गेले, पण शेपट्या तशाच! पिल्लं टुणटुणीत! मॅडमनी पेढे आणले.

साहेब आले. शेजारणीची टाकी बघून पहिल्यांदाच हसले. मग त्यांनी पलीकडं बोट दाखवलं. "आणि ही?"

"यात औषध नाही सर. साधं पाणी, तुलनेसाठी."

"मग यांनाही शेपट्या कशा?"

मॅडमनी टाकीकडं बघितलं. मग वर एसीकडं बघितलं. पाणी गार पडलं किंवा पोट उपाशी राहिलं की पिल्लांची वाढ थांबते, हे त्यांना पाठ होतं. पण गेले कित्येक दिवस त्या बाजूच्या टाकीकडं आम्ही कुणी बघितलंच नव्हतं. आनंदात राहून गेलं.

काका म्हणाले, "साहेब, पिल्लं गारठल्यात. तुमच्याच पाहुणचारानं!"

साहेब हसले नाहीत.

*

लॅब बंद झाली. मॅडम हैदराबादला एका कॉलेजात शिकवायला गेल्या. काकांना दुसऱ्या गेटवर टाकलं. एसी मॅनेजरच्या केबिनमध्ये गेला. मी पॅकिंगला लागलो.

जायच्या आधी मॅडमनी एक शेवटचा रेणू करून टाकीत घातला होता. त्याला नाव मिळालं नाही, ठेवणारे काका तिकडं गेले होते. ती टाकी आणि तिच्या शेजारची साध्या पाण्याची टाकी कोपऱ्यातच राहिल्या. त्यांचं काय करायचं, हे कुणी सांगितलं नाही. बाटलीत उरलेलं औषध होतं. मी मॅडमनी शिकवलं तसं पाणी बदलत राहिलो, औषध घालत राहिलो. आजूबाजूला पॅकिंगची खोकी चढत गेली.

एका सकाळी मॅडमना फोन लावला. मागं पोरांचा गलका ऐकू येत होता.

"मॅडम, शेपट्या आहेत."

"एसी?"

"नाही मॅडम. पंखापण नाही."

"साध्या पाण्यातली?"

"ती बेडकं झाली. खोक्यांवर उड्या मारतायत."

गलका लांब गेला. बहुतेक त्या वर्गाबाहेर आल्या असाव्यात. त्यांचा श्वास ऐकू येत होता, भरभर.

मग त्या म्हणाल्या, "शेपटीवाल्यांना खायला घातलंस का?"