पाखराशी बरोबरी

आमच्या घरामागच्या ओढ्यात एक पाखरू राहतं. पुस्तकात त्याला शीळकरी कस्तूर म्हणतात, आमच्या घरी नुसतं 'ओढ्यातलं पाखरू'. साळुंकीपेक्षा थोराड, आणि लांबून पाहिलं तर काळंच. यात काय बघायचंय, असं कुणालाही वाटेल. पण उन्हाची तिरीप अंगावर पडली की त्याचं कपाळ आणि खांदे असे निळे चमकतात, की लग्नातल्या शालूनं मान खाली घालावी. ओल्या दगडांवरून टुणटुणत जातं, थांबलं की शेपटीचा पंखा उघडतं, मिटतं. खेकडा सापडला की ठरलेल्या एकाच दगडावर नेऊन आपटतं. तो दगड माझ्या धुण्याच्या दगडाला लागूनच आहे, त्यामुळे आधी नांग्या झाडायच्या आणि मग कपडे भिजवायचे, हा माझा रिवाज.

आणि त्याची शीळ! पावसाळ्यात पहाटे, धड उजाडलेलंही नसतं, तेव्हा ओढ्याच्या खळखळाटावर मात करून ती घरात येते. सूर सरळ जात नाही. चढतो, रेंगाळतो, मध्येच भलतीकडे वळतो. कुणी रिकामटेकडा बांधावर बसून आपल्याच नादात शीळ घालतोय असं वाटतं.

मी भोरची. शीळ मला लहानपणापासून येते आणि चांगली येते; खोटा विनय मला जमत नाही. लग्न होऊन इकडे गुंजवण्याच्या बाजूला आले, तेव्हा पहिल्याच आठवड्यात धुणं धुताना पाखरानं शीळ घातली. मी तशीच परत घातली. ते थबकलं, मग त्यानं आणखी लांब घातली. मीही घातली. आमची चांगली जुंपली होती, तेवढ्यात मागे सासूबाई येऊन उभ्या.

"बाईमाणसानं शीळ घालायची असती व्हय गं? साप येतो घरात!"

"ते पाखरू तर रोजच घालतंय, आत्या."

"त्ये पाखरू हाय. तू सून हाईस."

पुढे वर्षानुवर्षे मी शीळ घातली, ती सासूबाई गावात नसतानाच.

मागच्या वैशाखात शिवऱ्याचं एक लग्न उरकून टेम्पोतून परत आलो. मी खिडकीशी बसले होते, वारा सारखा तोंडावर येत होता. दुसऱ्या दिवशी सकाळी चूळ भरायला गेले तर पाणी उजवीकडून आपोआप बाहेर. आरशात पाहिलं. डावा चेहरा माझा होता. उजवा नुसता लोंबत होता, डोळाही मिटत नव्हता. सासूबाई म्हणाल्या, "वारं लागलं." आमच्या ह्यांचं कापूरहोळला गॅरेज आहे, त्यांनी त्या दिवशी शटर उघडलंच नाही. आम्हा दोघींना घेऊन सरळ भोरला डॉक्टरांकडे.

डॉक्टरांनी हातपाय उचलायला लावले, जीभ पाहिली आणि म्हणाले, "हा लकवा नाही, ताई. चेहऱ्याची एक नस सुजलीय. बहुतेकांचं हे बरं होतं. वेळ लागेल."

मी रडायलाच लागले. मी पहिलीच्या वर्गाची शिक्षिका. माझं सगळं काम तोंडाचं. आणि आता 'प' म्हणायला गेले तरी तोंडातून नुसता वारा, 'ब' म्हणायला गेले तरी वारा. जूनमध्ये शाळा उघडली की मी पोरांना काय शिकवणार होते? वाकड्या तोंडाची बाई म्हणून ती घाबरली असती तर?

डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, डोळ्यात घालायचं औषध दिलं, मग व्यायाम सांगितले. भुवया उचलायच्या, गाल फुगवायचे. "आणि रोज शीळ घालायचा प्रयत्न करायचा."

मी सासूबाईंकडे पाहिलं. त्या डॉक्टरांकडे पाहत होत्या.

"साहेब, दुसरं कायतरी सांगा की."

"दुसरं सगळं सांगून झालंय, आजी. शीळ पाहिजेच."

मला हसू फुटलं. अर्ध्याच तोंडानं, पण त्या सकाळपासूनचं ते पहिलं हसू होतं.

एकदा डॉक्टरनं सांगितलं म्हटल्यावर सासूबाई हात धुऊन मागे लागल्या. दूध तापवलं का, असं विचारावं तसं विचारायच्या, "शीळ झाली का?" रोज सकाळी मला ओढ्यावर न्यायच्या आणि काठी घेऊन समोर बसायच्या. मी आपली फू-फू करायची. शेजारणीनं एकदा कुजकट विचारलं, "सून शीळ घालती म्हनं?" सासूबाई म्हणाल्या, "डाक्टरचं औशिद हाय. तुला पायजे का?"

ओढ्यातलं पाखरूही तेव्हा गप्पच होतं. उन्हाळ्यात ते गात नाही, उडताना एक कर्कश चिरका आवाज काढतं, तेवढाच. मग ढग जमले आणि त्यानं पहिल्यांदा तोंड उघडलं. काय शीळ होती ती! दोन सूर, आणि अडखळलं. पुन्हा दोन सूर, पुन्हा खंड. एवढा मोठा गवई, पण दर वर्षी त्यालाही गळा नव्यानं तयार करावा लागतो. हे इतक्या वर्षांत माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. मला फार बरं वाटलं.

शाळा उघडली. पदर तोंडाशी धरून मी फळ्यावर लिहायची आणि वाचून दाखवायला शेजारच्या वर्गातल्या बाई यायच्या. त्या चांगल्या होत्या, पण पोरं माझी होती. रोज घरी येताना जीव जळायचा. भाताच्या लावण्या उरकल्या, डोळा मिटायला लागला, गालात मुंग्या यायला लागल्या. शीळ म्हणून मात्र अजून नुसती हवाच निघायची.

श्रावणातल्या एका सकाळी ओढ्यातल्या धबधब्याखालून पाखराची अख्खी शीळ आली. मी ओठ जुळवले, आणि सूर निघाला. बारीक, पण सूर! दुसऱ्यांदा घातली ती खणखणीत निघाली, पार भोरला घालायची तशी.

पाखरू मध्येच थांबलं. धबधब्यामागच्या कपारीत त्याचं शेवाळ आणि चिखलाचं घरटं होतं. तिथून ते सुसाट आलं, खेकड्याच्या दगडावर उतरलं, शेपटी फाडकन उघडली आणि किंचाळत माझ्या डोक्यावरून गेलं. वळलं, आणि परत आलं.

"अगं बया!" सासूबाई काठी टेकत उभ्या राहिल्या. "त्याला वाटलं दुसरा नर आला! तुला नर समजलं गं ते!"

मी पदरानं डोकं झाकलं आणि मागे सरले.

"सरतीस कुठं? घाल! आनिक घाल! लई वर्सं गप बसलीस, आता हटू नगंस!"

मी घातली. पाखरानं घातली. मी पुन्हा घातली.

त्या दिवशी वर्गात पदर खाली होता. प, फ, ब, भ, म, ओठांची सगळी ओळ मीच म्हणून दाखवली. माझ्यामागून पोरं अशी काही ओरडली, की शेजारच्या बाई धावत दारात आल्या. मी त्यांना म्हटलं, "बसा बाई, आज तुम्हाला सुट्टी."