धुतलेली बाटली

परभणीत एखादा माणूस भंगाराच्या दुकानात रिकाम्या बाटल्या चाळत बसला, की लोक त्याच्याबद्दल काय समजतात ते मी वर्षानुवर्षं सोसलं आहे. मेव्हण्याने तर एकदा मला बाजूला घेऊन विचारलं, "दाजी, काई टेन्शन हाय का?" मी चहासुद्धा बिनसाखरेचा पिणारा माणूस. पण छंद म्हणजे छंद.

मी फक्त तोंडाने फुंकून केलेल्या जुन्या बाटल्या जमवतो. कारागीर लोखंडी नळीच्या टोकावर वितळलेल्या काचेचा गोळा घ्यायचा आणि दुसऱ्या टोकाने फुंकायचा. फुंकताना नळी सारखी फिरवत राहायची, नाहीतर गोळा एका अंगाला ओघळायचा. मग बुडाला सळई चिकटवून बाटली नळीपासून तोडायची आणि तोंड सगळ्यात शेवटी घडवायचं. सळई काढली की बुडाला खरबरीत व्रण राहतो. बाटली हातात आली की मी आधी तिथे अंगठा फिरवतो. व्रण लागला, काचेत बुडबुडे दिसले, गळा जरासा कललेला असला, की माझा दिवस सोन्याचा. चारठाण्याच्या एका किराणा दुकानाच्या माळ्यावरून मी अत्तराच्या कुप्या आणल्या, कुठून कुठून निजामाच्या काळातल्या औषधांच्या बाटल्या आणल्या. आणली की आधी धुवायची, हा माझा नियम. गरम पाणी, धुण्याचा सोडा, वर मूठभर तांदूळ टाकून खळखळ हलवायची. बायको म्हणायची, "घरातली भांडी कधी इतक्या मायेनं घासली न्हाईत तुमी."

तिच्या लोखंडी पेटीतही एक बाटली होती. बायको बोरी गावची, तिची माय ती लहान असतानाच गेली. मायची तेलाची बाटली तेवढी तिने सासरी आणली होती. आतून काळीकुट्ट, बुचाला चिंधी गुंडाळलेली. कधीकधी दुपारी ती पेटी उघडून पाठमोरी बसायची. साड्यांच्या घड्या घालत असेल, असं मी धरून चालत होतो. कधी विचारलं नाही.

एकदा ती शेजारणीबरोबर पोखर्णीला नरसिंहाच्या दर्शनाला गेली होती. मी पेटीत माझी जुनी कागदपत्रं शोधत होतो. बाटली हाताला लागली आणि अंगठा आपोआप बुडावर गेला. व्रण! इतकी वर्षं घरातच होती आणि मी गावोगाव हिंडत होतो. मला राहवलं नाही. तिला चकित करायचं, असंही मनात होतं. चिंधी आणि कुजलेलं बूच फेकलं. तीनदा सोड्याने धुतली, तांदूळ बदलले. आतून फिकट हिरवी काच निघाली, खांद्याजवळ मोहरीएवढे सात-आठ बुडबुडे. माझ्या सगळ्या बाटल्यांत एवढी देखणी एकही नव्हती. काचेच्या कपाटात मधोमध ठेवली आणि दिवा लावला.

ती आली, मी हात धरून तिला कपाटापुढे नेलं. तिने बाटली काढली, नाकाशी धरली. परत धरली.

"धुतली व्हय?"

"बघ कशी निघालीय!"

"मायचा वास होता हो त्याच्यात," ती म्हणाली. "तिचा एक फोटू न्हाई. तोंडबी आठवत न्हाई मला. वास तेवढा होता."

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने प्रसादाची पिशवी खुंटीला अडकवली आणि कणीक मळायला घेतली. मी उकिरड्यावर जाऊन ती चिंधी शोधली. पण त्याआधीच नगरपालिकेची कचरागाडी येऊन गेली होती.

पुढे मी बोरीतल्या म्हाताऱ्या बायकांना विचारून तेल करून पाहिलं. नागरमोथा, मेथ्या, कापूरकाचरी, सगळं घालून कढवलं. तिने वास घेतला. "चांगलं झालंय," म्हणाली आणि ते रोज डोक्याला लावून संपवलं. त्या तेलाला तिने मायचं तेल कधी म्हटलं नाही.

मागच्या उन्हाळ्यात संग्रह बघायला एक पाहुणे आले. सगळ्या बाटल्या सोडून त्यांचं बोट त्या हिरव्या बाटलीवर थांबलं. बदल्यात त्यांच्या संग्रहातलं माझ्या नजरेत भरेल ते द्यायला ते तयार होते. मी कपाटाचं दार लावायला लागलो, तेव्हा त्यांनी हसत बायकोकडे पाहिलं, "वहिनी, तुम्हीच सांगा यांना."

ती चहाचे कप गोळा करत होती. "द्या की त्यांना," ती मला म्हणाली, "आपल्याला काय करायचीय? नुसती बाटलीच हाय ती."

तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. कप घेऊन ती आत गेली. पाहुण्यांना मी नाही म्हणालो. बाटली अजून कपाटात आहे, तिथला दिवा मात्र मी लावत नाही.