शिंगवाल्यांचा निवाडा

माझ्या एकुलत्या एका जावयाने माझ्या घरचे धोंडे नाकारले, त्याला कारण एक धरण आहे. आणि ते धरण पृथ्वीवर कुठेही नाही.

ते आहे मोबाइलच्या एका खेळात. पण आधी माझी ओळख सांगतो. गावात मी तंटामुक्ती समितीचा अध्यक्ष. बांधाची भांडणं, पाणंदीची भांडणं, कोंबडीवरून झालेली भांडणं, सगळी मी मिटवलेली. (कोंबडीचं अजून मिटलेलं नाही, पण ते जाऊ द्या.) त्यामुळे चूक कोण आणि बरोबर कोण, हे मला बघताक्षणी कळतं असा माझा ठाम समज होता.

लेकीचं, शीतलचं, लग्न झाल्यावर पहिलाच अधिक महिना आला. लेक-जावयाला धोंड्याच्या जेवणाला बोलावलं. गंगाखेडहून चांगलं तूप आणलं. बायकोने, सुमनने, सकाळपासून पुरण वाटायला घेतलं आणि मला एकच काम सांगितलं.

"अवो, सैपाक व्हईपर्यंत जावयाशी चार शब्द गोड बोला. समितीत बोलल्यावानी बोलू नका!"

अमोलराव ओसरीवर मोबाइलवर अंगठे चालवत बसले होते. पडद्यावर शिंगवाल्यांची एक झुंड पांढऱ्याशुभ्र किल्ल्यावर धावून जात होती.

"हे कोण म्हणायचे?" मी गोड आवाजात विचारलं.

"हे राखवनवाले, मामा. आमची टोळी. मी सरदार हाय त्यांचा. अन् किल्ल्यातले ते सूर्यगडवाले."

मी नीट पाहिलं. सूर्यगडवाल्यांचे कपडे कडक इस्त्रीचे. राखवनवाल्यांच्या डोक्यावर शिंगं, गळ्यात हाडं आणि बसायला रानडुकरं!

"अमोलराव, तुमच्यासारखा शिकलेला माणूस असल्या वाईट लोकांत?"

"वाईट कशे, मामा? नदीकाठचं जंगल मूळ ह्यांचं. सूर्यगडवाल्यांनी धरण बांधलं, गडावर दिवे लावले, अन् ह्यांचं जंगल गेलं पाण्याखाली. मंग भांडू नये का त्यांनी?"

इथे मी "असं का? बरं बरं" म्हणून पुरण कुठवर आलं ते बघायला जायला हवं होतं. पण समोर तंटा आणि मी गप्प? मी समितीची वहीच काढली! रीतसर निवाडा लिहिला आणि खड्या आवाजात वाचून दाखवला. "शिंगवाले दोषी. सगळ्यांना उजेड मिळत असेल तर चार झोपड्या बुडाल्याचं एवढं काय? ज्यांना स्वतःचं गाव टिकवता आलं नाही, त्यांनी दुसऱ्याच्या दारात येऊन शिंगं दाखवू नयेत!"

शेवटच्या वाक्यावर मी स्वतःच खूश झालो. टाळीची वाट बघितली.

अमोलरावांनी मोबाइल खाली ठेवला. "बरोबर हाय, मामा," एवढंच म्हणाले.

ताट वाढलं. पाट, रांगोळी, गरम धोंडे, वर तुपाची धार. अमोलराव जागचे हलेनात.

"भूक न्हाई, मामी."

"अवो, धोंडे हायत! जावयानं खाल्ल्याबिगर कसं चालंल?" सुमन घाबरली.

"आमी बिनगावची माणसं, मामी. तुमच्या पाटावर कसं बसावं?"

सुमनने माझ्याकडे असं पाहिलं की मी दोन पावलं मागे सरलो. तेवढ्यात शीतलने मला हाताला धरून न्हाणीपाशी नेलं.

"काय बोललात तुमी, पप्पा? ह्यांचं जुनं गाव येलदरी धरणाच्या पाण्याखाली गेलंय! माझे सासरे अजून त्या गावाचं सांगताना रडतेत!"

"मला काय म्हाईत?"

"सोयरीक तुमीच जुळवली न्हवं?"

जुळवली होती. जमीन किती, विहिरीला पाणी किती, बैल कसे, सगळं खोदून खोदून विचारलं होतं. गाव आधी कुठे होतं, एवढंच विचारायचं राहिलं होतं.

"न जेवता गेले तर मी त्या घरी कोणत्या तोंडानं जाऊ?" शीतल रडायला लागली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

वही घेऊन मी ओसरीवर गेलो. माफी मागायची सवय नाही, म्हणून सुरुवात केली, "सदर निवाडा या बैठकीत एकमताने रद्द..."

"ती वही ठेवा आधी!" आतून सुमन ओरडली. "साधं बोला!"

"चुकलं माझं, अमोलराव," मी म्हणालो. "तुमच्या माणसांचं काय गेलं ते मला ठाऊक नव्हतं. न इचारता निवाडा दिला, हे त्याहून चुकलं."

त्यांनी मोबाइल परत हातात घेतला. मग म्हणाले, "नुसतं बोलून भागत न्हाई, मामा. राखवनात या."

"म्हंजी?"

"शिंगं लावा!"

शीतलने डोळे पुसत माझ्या मोबाइलवर खेळ घेतला. पाच मिनिटांत तंटामुक्तीच्या अध्यक्षाला दोन शिंगं फुटली, गळ्यात हाडं आली. अमोलराव खो खो हसले, पाटावर बसले आणि सात धोंडे खाल्ले. सुमनचा जीव भांड्यात पडला.

माझा मात्र अडकला. राखवनात नव्या माणसाला म्हणे लगेच लढाईला नेत नाहीत. आधी सरदाराच्या जनावराची सेवा करावी लागते. परवा मी एका बांधाच्या भांडणात दोन्ही भावांना समोर बसवून निवाडा देणार, तोच फोन वाजला.

"मामा, डुक्कर उपाशी हाय! काय करायलात?"

दोन्ही भाऊ माझ्याकडे बघायला लागले. मी वही मिटली आणि मोबाइल काढला. लोक अधिक महिन्यात जावयाला जेवू घालून मोकळे होतात. माझा महिना कधीच संपला, पण जावयाचं डुक्कर अजून माझ्याच पदरात आहे!